आयरिश नृत्य : आठ बारच्या धुनेपासून पहिल्या केलीपर्यंत

आयरिश नृत्य शिकावंसं वाटतं ते बहुतेकांना रंगमंचावरची ती लांब रांग पाहून. कंबरेपासून वरचं अंग ताठ, हात अंगालगत आणि चाळीस-पन्नास पायांतून एकाच क्षणी उठणारा कडकडाट. मोह पडतो हे खरं, पण शिकण्याची सुरुवात तिथून केली तर पोटऱ्या भरून येतात, पाय तालात पडत नाहीत आणि दोन महिन्यांत उत्साह मावळतो. त्या रांगेतल्या प्रत्येक नर्तकाने आधी अनेक वर्षं कान तयार केलेले असतात. पाय त्यानंतर तयार होतात.

म्हणून या लेखातला क्रम थोडा वेगळा आहे. आधी संगीत ऐकायचं, मग दोन मूळ पदन्यास बसवायचे, मग चौघांनी मिळून एक पूर्ण नाच करायचा आणि त्यानंतरच ठोक्यांचा आवाज करणाऱ्या कडक बुटांकडे वळायचं. वयाची अट नाही. पन्नाशीत सुरुवात करूनही माणूस केलीमध्ये, म्हणजे नाचाच्या मेळाव्यात, रात्रभर नाचू शकतो. स्पर्धेच्या वाटेने जायचं असेल तर मात्र लहानपणीच सुरुवात झालेली बरी.

आधी ठरवा, कोणता नाच?

आयरिश नृत्य म्हणून जे ओळखलं जातं, त्यात निदान चार वेगळ्या परंपरा आहेत. शिकणाऱ्याने पहिल्या दिवशीच त्यातला फरक समजून घ्यावा, नाहीतर चुकीच्या वर्गात पैसे भरले जातात.

स्टेप डान्स हा एकट्याने करायचा, स्पर्धेचा आणि रंगमंचाचा नाच. मऊ बूट आणि कडक बूट असे त्याचे दोन भाग. केली हा शब्द मेळाव्यासाठीही वापरतात आणि त्या मेळाव्यात होणाऱ्या सामूहिक नाचांसाठीही. यात चार, सहा, आठ जणांचे किंवा लांब रांगांचे ठरावीक नाच असतात. सेट डान्सिंग म्हणजे चार जोड्यांनी चौकोनात करायचा नाच. हा क्वाड्रिल या फ्रेंच नाचातून आला आणि आयर्लंडच्या ग्रामीण भागात मुरून पुरता तिथला झाला. क्लेअर, केरी, कॉनेमारा अशा प्रत्येक भागाचा आपला सेट आहे. चौथा शॅन-नोस, म्हणजे जुन्या वळणाचा एकट्याचा नाच. त्याचं मुख्य घर कॉनेमारा. पाय जमिनीला धरून, हात मोकळे, पावलं आधी ठरवलेली नाहीत. वादक काय वाजवतो ते ऐकून नर्तक तिथल्या तिथे पावलं रचतो.

नव्या माणसाने केलीपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. मूळ पावलं तीच, खर्च जवळजवळ नाही, आणि चूक झाली तर समोरचा हात धरून योग्य जागी नेतो.

ही परंपरा घडली कशी

अठराव्या शतकात आयर्लंडच्या खेड्यांतून नृत्यमास्तर फिरायचे. आर्थर यंग हा इंग्लिश शेतीतज्ज्ञ १७७० च्या दशकात आयर्लंडभर हिंडला. गरिबांच्या जवळजवळ प्रत्येक झोपडीत नाच चालतो, त्यांच्याच थरातले मास्तर पाइपवाल्याला किंवा आंधळ्या फिडलवाल्याला (व्हायोलिनवाल्याला) बरोबर घेऊन घरोघर शिकवतात आणि तीन महिन्यांचे सहा पेन्स घेतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मास्तर एखाद्या भागात काही आठवडे राहायचा, शेतकऱ्याच्या घरी उतरायचा आणि मग पुढच्या गावाला निघायचा. सगळ्या गावाला तो सामूहिक नाच शिकवी आणि ज्यांच्या पायात गुण दिसे त्यांना एकट्याची पावलं. डावा-उजवा कळत नसलेल्या पोरांच्या एका पायाला गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधून तो शिकवायचा, अशी आठवण लोक अजून सांगतात. एकट्याचा नाच दाखवायचा तर दार बिजागऱ्यांवरून उतरवून जमिनीवर टाकत. मातीच्या जमिनीवर पावलांचा आवाज कुठून येणार?

या मास्तरांचा वारसा पुस्तकातून आलेला नाही, तो पायातून पायात आला. उत्तर केरीमध्ये जेरेमाया मॉलिनो या मास्तरांनी विसाव्या शतकातही गावोगाव शिकवलं. त्यांची पावलं आजही त्या भागात त्यांच्या नावाने ओळखली जातात. ट्रलीचं शीम्सा टीरा हे लोकनाट्यगृह त्याच पावलांवर उभं राहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपोलियनच्या युद्धांवरून परतलेल्या सैनिकांबरोबर क्वाड्रिल आयर्लंडमध्ये पसरलं. मास्तरांनी त्यात जिग आणि रील या चालींच्या धुना घातल्या, पावलं आपली घातली आणि त्यातून सेट तयार झाले.

१८९३ मध्ये डग्लस हाइड, ओन मॅकनील आणि त्यांच्या सोबत्यांनी गेलिक लीग स्थापन केली. उद्देश आयरिश भाषा जगवण्याचा होता, पण भाषेबरोबर नाचही आला. पहिली केली भरली ती आयर्लंडमध्ये नव्हे, तर लंडनच्या ब्लूम्सबरी हॉलमध्ये, ३० ऑक्टोबर १८९७ रोजी. तिथल्या लीगच्या शाखेने ती भरवली होती. त्या रात्री लोक क्वाड्रिल आणि वॉल्ट्झही नाचले, कारण ठरावीक 'आयरिश' सामूहिक नाच शहरातल्या मंडळींना फारसे येतच नव्हते. मग शोध सुरू झाला. केरीहून लंडनला येऊन शिकवणाऱ्या पॅट्रिक रीडी यांच्याकडून काही नाच मिळाले, काही थेट केरीत जाऊन गोळा केले. त्याच काळात लीगने सेटना परदेशी ठरवून दूर केलं. पिढ्यान्‌पिढ्या गावकरी जे नाचत आले ते एका झटक्यात 'आपलं नाही' ठरलं. मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो. सेटना मान परत मिळायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली.

पुढे लीगनेच नृत्यासाठी एक आयोग नेमला. १९३० च्या सुमारास त्याने शिक्षक, परीक्षक आणि स्पर्धा यांचे नियम बांधले. आजही स्टेप डान्सची सर्वांत मोठी संघटना हीच, लोक तिला नुसतं 'कमिशून' म्हणतात. १९६९ मध्ये शिक्षकांचा एक गट फुटून त्यांची वेगळी संघटना झाली आणि १९७० मध्ये कमिशूनने डब्लिनला पहिली जागतिक स्पर्धा भरवली.

मध्ये १९३५ चा सार्वजनिक नृत्यगृह कायदा येतो. सार्वजनिक नाचासाठी न्यायालयाचा परवाना सक्तीचा झाला. घरातल्या नाचाचं नाव कायद्यात नव्हतं, तरी धर्मगुरू आणि पोलीस यांनी त्याच्या आधाराने स्वयंपाकघरांतले आणि चौरस्त्यांवरचे नाचही अनेक ठिकाणी बंद पाडले. नाच मोठ्या सभागृहांत गेला, वाद्यवृंद मोठे झाले आणि स्वयंपाकघरात एकाच फिडलवर नाचण्याची सवय मोडत गेली. १९५१ मध्ये मलिंगारला सुरू झालेल्या 'कोल्तस' या संस्थेने पारंपरिक वादकांना पुन्हा एकत्र आणलं. १९७३ पासून दर जुलैमध्ये क्लेअरच्या मिलटाउन मॅलबे या गावात पाइपवादक विली क्लॅन्सी यांच्या स्मरणार्थ उन्हाळी शाळा भरते. सेट डान्सिंगला १९८० च्या दशकात जो बहर आला, त्यात तिथल्या वर्गांचा वाटा मोठा आहे.

आणि मग ३० एप्रिल १९९४. डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात सुमारे सात मिनिटांचं एक सादरीकरण झालं. संगीत बिल व्हेलन यांचं, नाचात पुढे जीन बटलर आणि मायकल फ्लॅटली. पुढच्या वर्षी 'रिव्हरडान्स' हा त्याचा पूर्ण प्रयोग झाला आणि जगभर वर्ग निघाले. फ्लॅटलीने हात मोकळे सोडले याची तेव्हा फार चर्चा झाली.

हात अंगालगत का ठेवतात, याबद्दल अनेक गोष्टी ऐकायला मिळतात. इंग्रज शिपायांना खिडकीतून नाच दिसू नये म्हणून, धर्मगुरूंच्या भीतीने, जागा अपुरी म्हणून. यातल्या एकीलाही पुरावा नाही. मास्तर लोक अंगाची ठेवण काटेकोर शिकवत, आणि स्पर्धांनी त्या ठेवणीचा पुढे नियम केला. शॅन-नोसमध्ये हात आजही मोकळेच आहेत, एवढी एक गोष्ट ती खिडकीची कथा खोडायला पुरे आहे.

पहिले दोन आठवडे : फक्त कान

या काळात एकही पाऊल शिकू नका. रोज वीस मिनिटं पारंपरिक वादन ऐका: फिडल, बासरी, कॉन्सर्टिना, बटन अकॉर्डियन, काखेतल्या भात्यावर चालणारे इलन पाइप्स. रंगमंचासाठी सजवलेलं संगीत नको, साध्या एकट्या वादकाचं हवं, म्हणजे धुनेचा सांगाडा ऐकू येतो.

बहुतेक धुना दोन भागांच्या असतात. पहिला भाग आठ बारचा, तो दोनदा वाजतो. दुसरा भागही आठ बारचा, तोही दोनदा. एकूण ३२ बार झाले की धून पुन्हा पहिल्यापासून. बार म्हणजे तालाचं एक छोटं घर. स्टेप डान्समधली एक 'स्टेप' नेमकी आठ बारची असते. ती आधी उजव्या पायाने करायची आणि पुढचे आठ बार तीच डाव्या पायाने. म्हणजे आठ बार कुठे संपतात हे ज्याला ऐकू येत नाही, त्याला कुठे वळायचं तेच कळत नाही. ऐकताना दर आठ बारला एक टाळी वाजवा. टाळी आपोआप नेमक्या जागी पडू लागली की कान तयार झाला.

रील चार मात्रांचा, वाहता, न थांबणारा. जिग सहाच्या घरात बसतो. दादरा कानावर असलेल्या मराठी माणसाला त्याची सहाची चाल पटकन सापडते, मात्र जिगमध्ये वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर सारखंच येतं, कुठेही खाली जागा नाही. स्लिप जिग नऊचा, तीन-तीनचे तीन गट. स्पर्धेत तो प्रामुख्याने मुली मऊ बुटांवर करतात आणि तो सर्वांत तरंगता दिसतो. हॉर्नपाइप रीलसारखाच चारचा, पण प्रत्येक जोडीतला पहिला स्वर लांब आणि दुसरा तोकडा. पोल्का दोनचा, केरी-कॉर्कच्या सीमेवरचा लाडका.

लयीचा एक हिशोब लक्षात घ्या. वरच्या स्तरावरच्या स्पर्धेत रील मेट्रोनोमच्या ११३ वर वाजतो, म्हणजे मिनिटाला ११३ ठोके, आणि दर बारला दोन ठोके. म्हणजे आठ बार साधारण साडेआठ सेकंदांत संपतात. कडक बुटांचा ट्रेबल जिग ७३ वर, म्हणजे आठ बारना सुमारे तेरा सेकंद. नवख्याला वाटतं संथ लय म्हणजे सोपं. उलट आहे. संथ लयीत मोकळी जागा जास्त, आणि ती जागा ठोक्यांनी भरायची असते. नवशिक्यांच्या वर्गात ट्रेबल जिग याहून जलद वाजवतात तो याच कारणाने.

जमीन आणि बूट

घरातली फरशी हा सर्वांत मोठा शत्रू आहे. काँक्रीटवर बसवलेल्या टाइल्स धक्का जराही शोषत नाहीत, सगळा मार नडगीला आणि तळपायाच्या हाडांना बसतो. बाजारात आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवुड मिळतो. १८ मिलिमीटर जाडीचा घ्या आणि खाली फोमच्या चटया अंथरा. बाजूला सरकण्याच्या पावलांना पूर्ण आठ फूट लांबी लागते. जागा नसेल तर अर्धा कापून चार बाय चारचा तुकडाही सुरुवातीला चालेल. वरच्या मजल्यावर राहत असाल तर कडक बूट घरात घालूच नका, त्याचा आवाज फोमला दबत नाही.

केलीसाठी वेगळे बूट लागत नाहीत. तळ गुळगुळीत हवा, एवढंच. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज मात्र टाळा: वळताना तळ जमिनीला धरून राहतो, शरीर फिरतं आणि पीळ गुडघ्यात बसतो. भारतात सहज मिळणारे बॅलेचे किंवा जॅझचे मऊ बूट चालतात. स्टेप डान्समध्ये मुलींचे मऊ बूट काळ्या चामड्याचे, नाडी गुंफून बांधायचे असतात, त्यांना पंप्स किंवा गिलीज म्हणतात. मुलांच्या मऊ बुटांना टाचेखाली कडक तुकडा असतो. मऊ बूट पायाला अगदी घट्ट बसले पाहिजेत, कारण सैल बुटात ताणलेली बोटं दिसत नाहीत. कडक बूट पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. मुलांचे पाय वाढतात, त्यामुळे वर्गांमध्ये वापरलेल्या बुटांची देवघेव सर्रास चालते. विगा आणि भरजरी पोशाख यांचा विचारही आत्ता नको. सुरुवातीच्या स्तरावर साधा स्कर्ट किंवा वर्गाचा गणवेश पुरतो.

उभं कसं राहायचं

उजवा पाय पुढे, डावा मागे, दोन्ही पावलं बाहेर वळलेली आणि एकमेकांवर आडवी. पाऊल बाहेर वळतं ते खुब्यातून. गुडघ्यातून किंवा घोट्यातून ओढून वळवलं तर दुखापत नक्की. खुबा जितका वळेल तितकंच वळवा. टाचा उचललेल्या, वजन चवड्यावर, गुडघे जवळ. खांदे मागे घेऊन सैल सोडा, मुठी हलक्या मिटलेल्या. नवशिके खांदे कानापर्यंत चढवतात आणि हात दाबून धरतात, मग श्वास अडकतो. हात नुसते लोंबू द्या. खालचं अंग कामात असताना वरचं शांत राहतं ते पोटाच्या स्नायूंच्या जोरावर, हात आवळून नाही.

नाचण्याआधी दहा मिनिटं जागेवर हलकं धावणं, घोटे फिरवणं आणि टाचा उचलण्याचे दोन संच: एक गुडघे सरळ ठेवून, एक किंचित वाकवून. पोटरीचे दोन वेगळे स्नायू असतात, दोन्ही तयार व्हावे लागतात.

तीनचं पाऊल

केलीतल्या पुढे-मागे जाण्याच्या चालीला 'थ्रीज' म्हणतात. रीलचा एक बार म्हणजे चार मात्रा. पहिल्या तीन मात्रांवर तीन पावलं, चौथीवर लहानशी उडी.

आधी उडी न घेता करा. उजवा पाय पुढे टाका (एक). डावा त्याच्या टाचेमागे आणून टेका (दोन). उजवा पुन्हा पुढे (तीन). चौथी मात्रा रिकामी सोडा. पुढच्या बारला डाव्यापासून: डावा, उजवा मागे, डावा. चालण्याच्या वेगाने खोलीभर फिरा, तोंडाने मोजत. हे झोपेतही जमेल असं झालं की चौथ्या मात्रेवर, ज्या पायावर वजन आहे त्याच पायावर, इंचभर उडी घ्या आणि मोकळा पाय पुढे तयार ठेवा. उंच उडायची गरज नाही. टाच जमिनीला लागू द्यायची नाही, एवढं पाळा.

जिगमध्ये हीच तीन पावलं पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात आणि उडी सहावीवर. लांब-तोकडी, लांब-तोकडी अशी लय होते. रीलमध्ये पक्कं झाल्याशिवाय जिगमध्ये करू नका, दोन्ही बिघडतात.

सातचं पाऊल

'सेव्हन्स' म्हणजे बाजूला सरकणं. दोन बार, आठ मात्रा: सात पावलं आणि आठवीला उसंत. उजवीकडे जायचं असेल तर सुरुवातीला वजन उजव्यावर.

एक: डावा उजव्यामागे टेका. दोन: उजवा उजवीकडे. तीन: डावा मागे. चार: उजवा उजवीकडे. पाच: डावा मागे. सहा: उजवा उजवीकडे. सात: डावा मागे, वजन डाव्यावर.

लगेच त्याला दोन 'तीन' जोडायचे, जागेवरच. उजवा डाव्यामागे, डावा, उजवा. एक मात्रा उसंत. मग डावा उजव्यामागे, उजवा, डावा. आता उजवा मोकळा आहे, म्हणून डावीकडे परत जाताना तोच मागे टेकून सुरुवात होते आणि सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं.

हिशोब करून पाहा. सातचे दोन बार, दोन तीनचे दोन बार, झाले चार. परतीचे चार. एकूण आठ, धुनेचा एक भाग संपला आणि तुम्ही मूळ जागी आलात. पहिल्यांदा संगीतावर हे बरोबर जमतं, तेव्हा वाजणारा शेवटचा स्वर आणि पडणारं शेवटचं पाऊल एकत्र येतात. हा नाच लोकांना का धरून ठेवतो, ते त्या क्षणी अंगाला कळतं. त्यासाठी हवा तेवढा वेळ द्या.

दोन चुका हमखास होतात. सातव्या पावलावर वजन नीट न टाकता दोन्ही पायांवर उभं राहिलं की पुढचा पाय सुटत नाही. आणि पावलं फार लांब टाकली की लय मागे पडते. छोटी पावलं टाका. पुढचा पाय नेहमी पुढेच दिसला पाहिजे, मागचा नेहमी त्याच्या आड.

पहिला पूर्ण नाच : वॉल्स ऑफ लिमरिक

चौघं जमवा. दोन जोड्या समोरासमोर, प्रत्येक जोडीत स्त्री पुरुषाच्या उजव्या हाताला. स्त्री-पुरुष नसले तरी बिघडत नाही, कोण कोणत्या जागेवर आहे तेवढं ठरवून घ्या, आयर्लंडमध्येही सर्रास तसं चालतं. कुठलाही रील लावा.

पहिले आठ बार: जोडीदाराचा हात धरून तीनच्या पावलाने दोन बार पुढे, दोन बार मागे, आणि हेच पुन्हा एकदा.

दुसरे आठ: दोन्ही स्त्रिया सातच्या पावलाने एकमेकींकडे तोंड ठेवून जागा बदलतात आणि दोन 'तीन' करतात, चार बार. मग पुरुष त्याच पद्धतीने जागा बदलतात, चार बार.

तिसरे आठ: आता समोरच्या जोडीतल्या व्यक्तीचा उजवा हात धरून दोघांनी मिळून एका बाजूला सात आणि दोन तीन, मग परत सात आणि दोन तीन.

शेवटचे आठ: आपल्या मूळ जोडीदाराला धरून दुसऱ्या जोडीभोवती एक पूर्ण फेरी, तीनच्या पावलाने फिरत. फेरी संपते तेव्हा त्या जोडीकडे पाठ असते आणि समोर नवी जोडी उभी असते.

म्हणजे नाचाचं एक आवर्तन ३२ बारचं, धून नेमकी एकदा वाजते. सभागृहात शंभर माणसं असली तरी प्रत्येक आवर्तनाला नवीन माणसं समोर येतात आणि अर्ध्या तासात अनोळखी कोणी उरत नाही. घरी चौघांतच सराव करताना शेवटी वळून पुन्हा एकमेकांसमोर या.

यानंतर 'सीज ऑफ एनिस' घ्या, मग 'हेमेकर्स जिग'. कमिशूनच्या अधिकृत संग्रहात असे ३० केली नाच आहेत, शिक्षकांच्या परीक्षेला ते सगळे लागतात.

कडक बुटांची सुरुवात

सहा महिने तरी मऊ बुटांवर गेल्यावरच. आवाजाचा पाया 'ट्रेबल' आहे. काही वर्गांत त्याला 'बॅटर' म्हणतात. डाव्या पायावर उभे राहा, उजवा पुढे किंचित उचललेला, घोटा सैल. चवड्याने जमिनीला पुढे जाताना एक निसटता ठोका, मागे येताना दुसरा. दोन्ही सारख्या जोराचे हवेत. मग पाय टेका, तिसरा आवाज. पाय मांडीतून हलवला तर ठोके जड आणि उशिरा पडतात, गुडघ्याखालूनच हलवा. आधी भिंतीला हात लावून किंवा बसून केलं तरी चालेल.

आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. डोळ्यांना सुंदर दिसणारा ट्रेबल कानाला अनेकदा अस्पष्ट लागतो. जुने नर्तक बुटांच्या चामडी थरांत खिळे ठोकत, ते यासाठीच. आज टोकाला आणि टाचेला फायबरग्लास असतं.

पुढे कडक बुटांवर ठरावीक धुनांचे नाच शिकवतात. त्यांनाही सेटच म्हणतात, पण हे एकट्याचे, चार जोड्यांच्या सेटहून वेगळे. सात जुने पारंपरिक सेट सगळीकडे मान्य आहेत: सेंट पॅट्रिक्स डे, ब्लॅकबर्ड, जॉब ऑफ जर्नीवर्क, गार्डन ऑफ डेझीज, किंग ऑफ द फेअरीज, जॉकी टू द फेअर आणि थ्री सी कॅप्टन्स. बहुतेक मुलं पहिल्यांदा सेंट पॅट्रिक्स डे शिकतात. एक धून, तिच्यासाठी ठरलेली पावलं, आणि वर्गावर्गांत फारसा बदल नाही, त्यामुळे जुन्या मास्तरांच्या रचनेचा अंदाज यांतून छान येतो.

सराव आणि दुखणी

आठवड्यातून चार दिवस अर्धा-अर्धा तास हे एका रविवारी दोन तास उड्या मारण्यापेक्षा कितीतरी चांगलं. उड्यांची संख्या हळूहळू वाढवा. नडगीच्या आतल्या बाजूचं पसरट दुखणं विश्रांतीने जातं. मात्र हाडावर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ उठत असेल, विशेषतः तळपायाच्या लांब हाडांवर, तर नाच थांबवून डॉक्टरांना दाखवा. ताणामुळे हाडाला जाणारी चीर या नाचात अनेकांना होते आणि त्यावर नाचत राहिलं तर महिने वाया जातात. घोटा मुरगळल्यावर सूज उतरली म्हणजे बरं झालं असं नाही. एका पायावर डोळे मिटून अर्धा मिनिट उभं राहता येईपर्यंत उड्या नकोत. वाढीच्या वयातल्या मुलांच्या टाचदुखीकडे पालकांनी दुर्लक्ष करू नये.

शिक्षक, स्पर्धा आणि केली

महाराष्ट्रात नियमित वर्ग सापडणं कठीण आहे. तिथे तीनचं आणि सातचं पाऊल, आणि चौघांचा गट, एवढ्यावर बरंच काही होतं. ऑनलाइन शिक्षक घेतलात तर कॅमेरा पायांच्या उंचीवर, बाजूने ठेवा, समोरून मागचा पाय दिसत नाही. डब्लिन, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वर्ग जवळच मिळेल. मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर शिक्षक कोणत्या संघटनेचा नोंदणीकृत आहे ते आधी विचारा, कारण मूल कोणत्या स्पर्धेत नाचू शकतं ते त्यावर ठरतं. कमिशूनच्या शिक्षकाच्या नावापुढे टीसीआरजी आणि परीक्षकाच्या नावापुढे एडीसीआरजी लिहिलेलं असतं.

स्पर्धेच्या दिवसाला 'फेश' म्हणतात. वादक प्रत्यक्ष वाजवत असतो, आणि सहसा दोन-तीन मुलं एकाच वेळी रंगमंचावर वेगवेगळ्या स्टेप्स करतात. पहिल्या फेशला मुलाला एवढंच सांगा: शेजारच्याकडे पाहू नकोस, वादकाकडे कान ठेव. स्पर्धा नको असेल तर श्रेणी परीक्षांची वाट आहे, एकूण बारा श्रेणी. त्यात मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी होत नाही.

मोठ्यांसाठी केली. कोल्तसच्या शाखा आयर्लंडबाहेरही अनेक शहरांत आहेत, त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेली रात्र निवडा. पातळ सुती कपडे, पाण्याची बाटली, एक कोरडा सदरा. नाच पुकारणारा आधी हालचाली चालून दाखवतो, तेव्हा रांगेच्या मध्यभागी उभे राहा. टोकाला उभ्या जोडीला काही नाचांत एक आवर्तन थांबून परत यावं लागतं आणि नवखा तिथे गोंधळतो. जोडीदार नसेल तर सरळ जाऊन विचारा, नाही म्हणण्याची तिथे पद्धत नाही. चुकलात तर पावलं सोडून द्या, चालत योग्य जागी पोहोचा आणि पुढचे आठ बार सुरू होताच सगळ्यांबरोबर उचला.